दोन गाड्यांची एक गाडी

सत्य एकच असतं, आणि शांत डोक्याने शोधणाऱ्याला ते सापडल्याशिवाय राहत नाही — या एका श्रद्धेवर मी आजवरचं आयुष्य काढलं. गाडी घ्यावी तर नवीच घ्यावी, अशी माझी आणखी एक श्रद्धा होती. ती परवडली नाही म्हणून मी स्कूटर चालवतो. पहिल्या श्रद्धेचं काय झालं, ते खाली लिहितो आहे.

भूत, करणी, चकवा... यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. मी मूळचा गुहागरकडचा, त्यामुळे या विषयातलं माझं बालपण समृद्ध गेलं. आमच्याकडे प्रत्येक वळणाला त्याचं-त्याचं भूत असतं आणि प्रत्येक घरात त्याला भेटलेला एक काका असतो. मला मात्र कधी कुणी भेटायला आलं नाही. नोकरीमुळे सिल्वासाला आलो, शाळेत मराठी शिकवतो. आणखी एक खुलासा — मी दारू पीत नाही. सिल्वासात राहणाऱ्याने असला अनुभव सांगायचा तर हे आधीच सांगून टाकावं लागतं, नाहीतर आजूबाजूच्या राज्यांतले वाचक स्वतःच स्पष्टीकरण शोधून मोकळे होतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पाटील राहतात. अमळनेरकडचे. राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहेत. त्यांच्या बायकोच्या, मंगलवहिनींच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिस वापीला, दिवसाआड. मुलगी पायल जळगावला हॉस्टेलवर राहून शिकत होती. सुरुवातीला पाटील वहिनींना शेअर व्हॅनने न्यायचे. जाताना ठीक असायचं. परत येताना रक्तदाब उतरलेला, घशाशी आलेलं, आणि शेजारी कुणाच्या तरी मांडीवर कोंबड्यांची टोपली. एकदा वहिनी चालत्या व्हॅनमध्ये बेशुद्ध पडल्या, तेव्हा पाटलांनी ठरवलं, गाडी घ्यायची. आडवं पडता येईल अशी मागची सीट हवी, एवढी एकच अट होती.

मंगलवहिनी म्हणजे बोलणं. डायलिसिसने त्यांचं वजन उतरलं, केस गळले, रंग काळवंडला, पण तोंड शाबूत राहिलं. सकाळी मी जिन्यावरून उतरताना दारातूनच हाक यायची, "काय सर, चालले का मराठी वाचवायला?"

तर एका रविवारी पाटील मोबाइलवर गाडीचा फोटो घेऊन माझ्याकडे आले. मी वाचणारा माणूस, म्हणजे मला सगळ्यातलं कळतं, असा बिल्डिंगचा समज आहे. तो मी खोडून काढलेला नाही.

"सर, टोटल लॉस म्हणजे काय असतं?"

मी सांगितलं. "अपघातात किंवा पुरात गाडीचं इतकं नुकसान होतं की दुरुस्त करणं विमा कंपनीला परवडत नाही. मग ती मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकून टाकते. कंपनीच्या लेखी गाडी मेली. पुढे कुणीतरी तो सांगाडा घेतं, ठोकतं, रंगवतं आणि पुन्हा रस्त्यावर आणतं."

"म्हणजे मेलेली जिती करता."

"तसंच काहीतरी."

"मंग चांगलंच झालं ना सर."

मी त्यांना समोर बसवलं आणि धोके समजावले. एअरबॅग एकदा फुटल्या की पुष्कळ ठिकाणी नव्या बसवतच नाहीत, डॅशबोर्डवरचा त्यांचा दिवा तेवढा गुपचूप बंद करतात. सांगाडा वाकला असेल तर वरून कितीही रंग द्या, टायर एका बाजूने झिजत राहतात आणि गाडी एका अंगाला ओढते. पाण्यात बुडालेली असेल तर वायरिंग आतून कुजतं. उद्या काही झालं आणि तुम्ही विमा मागायला गेलात, तर कंपनी जुनी कुंडली काढून हात वर करते. विकायला गेलात तर कुणी उभं करत नाही. मार हलका असेल, दुरुस्तीचे फोटो असतील, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकने खालून तपासली असेल, तर अशी गाडी घेता येते, हेही सांगितलं. यांतलं इथे काहीच नव्हतं. विकणाऱ्याने फोटो दाखवला होता तो हार घातलेल्या गाडीचा.

पाटील मान हलवत ऐकत होते. मागोमाग वर आलेल्या वहिनी दारातच उभ्या होत्या, चौकटीला टेकून.

"सर, झालं का तुमचं?"

"झालं, वहिनी."

"मी भी टोटल लॉसच आहे ना. डॉक्टरनं सांगीच टाकलं. दोघींचं जमी जाईल."

दुसरी गाडी त्यांच्या आवाक्यात नव्हती आणि वहिनींकडे वाट बघायला वेळ नव्हता. धोका मोजायचा असतो तो पर्याय असलेल्या माणसाने.

विकणारे कमलेशभाई. नरोली रस्त्याला त्यांचं मैदान आहे, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या ओळीने उभ्या. ताबा देण्याचा त्यांचा मोठा थाट होता. गाडीवर लाल रेशमी कापड, कापायला फीत, स्पीकरवर सनई, आणि फोटोसाठी माणसाच्या उंचीची पुठ्ठ्याची चावी. ठेचून निघालेल्या गाडीचा एवढा सत्कार मी प्रथमच पाहिला. निवृत्त मुख्याध्यापकांचाही इतका होत नाही.

"थोडं आगळथी लागेलु, बस," कमलेशभाई म्हणाले, म्हणजे पुढून जरा ठोकर बसलेली. "बाकी एकदम टकाटक."

वहिनींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि त्या पुठ्ठ्याच्या चावीकडे बघत म्हणाल्या, "अहो, चावी एवढी, तर गाडी केवढी असंल म्हटलं."

गाडी चालायची बरी. पाटील सुट्टीच्या आणि शिफ्टच्या वेळा जुळवून वहिनींना नेऊ-आणू लागले. वहिनी मागे बसत, येताना आडव्या होत. छातीजवळ नळी बसवलेली असल्याने पुढचा पट्टा त्यांना सोसत नसे.

थोड्याच दिवसांत माझी बायको माधुरी म्हणाली, "पाटील भांडलेत का रे वहिनींशी?"

"का?"

"त्या म्हणतात, हे गाडीत बसले की मुके होतात. काही विचारा, हूं नाही की चूं नाही."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात पाटील मला म्हणाले होते, "सर, तिचं मन उतरी गेलं. गाडीत शब्द बोलत नाही. घरी उतरली की मात्र दिवसभराचं सुरू." मी त्यांना नैराश्यावर चार वाक्यं ऐकवली होती. चांगली होती ती वाक्यं.

उलगडा झाला तो चेकनाक्यावर. बाहेरच्यांसाठी सांगतो, सिल्वासाहून वापीला जायचं म्हणजे आधी आमचा केंद्रशासित प्रदेश, मग थोडा गुजरात, मग दादरा म्हणजे पुन्हा आम्ही, आणि मग पुन्हा गुजरात. आमच्याकडे दारू मिळते, गुजरातेत बंदी. त्यामुळे हद्दीवर पोलीस गाड्या थांबवून बाटल्या शोधतात. शाळेला सुट्टी होती, मी सोबत निघालो होतो. पाटलांशेजारी बसलो होतो, मागे वहिनी.

काळा चष्मा घातलेला एक हवालदार गाडीला फेरी मारून माझ्या काचेपाशी आला. कपाळावर आठ्या.

"आ बेन क्यारनी बूमो पाडे छे. सांभळता नथी?" या बाई कधीच्या ओरडताहेत, ऐकू येत नाही का, असं तो विचारत होता.

मी मागे वळलो. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या, तोंड हलत होतं. चिडलेल्या दिसत होत्या. त्यांची काच अर्धी खाली होती. आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, इंजिन येत होतं, हवालदाराचं पान चघळणं ऐकू येत होतं. वहिनी नाही.

मी दार उघडून खाली पाय ठेवला, आणि टीव्हीचा आवाज कुणीतरी मोठा करावा तसा त्यांचा आवाज आला, "—मघापासून सांगू राहिले, पाण्याची बाटली पुढं राहिली, देता का नाही? बहिरे झाले का दोघं भी?"

मी आत बसलो. आवाज बंद. पुन्हा खाली उतरलो. आवाज सुरू. असं मी दोन-तीनदा केलं. हवालदाराचा संशय स्वाभाविकपणे वाढला. सरकारी खात्याचं सगळं वजन चेहऱ्यावर आणून त्याने आम्हाला उतरवलं, डिकी उघडली, सीटखालचा गालिचा ओढून काढला, आणि एकदम हर्ष झाल्यासारखा ओरडला, "चोरखाना!"

पुढच्या सीटच्या मागे, तळाच्या पत्र्यावर या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची आडवी रेघ होती. बाटल्या लपवायला लोक तळाला खोटा पत्रा मारतात, तसंच काहीतरी त्याला वाटलं. त्याने काठीने ठोकून पाहिलं. दुसऱ्याला बोलावलं, त्याने ठोकलं. वहिनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून सूचना देत होत्या, "जोरात मारा भाऊ, आतून कोणी आवाज देतं का बघा."

शेवटी हवालदाराने गाडीखाली डोकं घातलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, गुडघे झटकले आणि निराश आवाजात म्हणाला, "चोरखाना नहीं है. ये तो दो गाडी है."

खरोखरच दोन होत्या. रेघेच्या पुढचा पत्रा मुळात पांढरा, मागचा चंदेरी. वरून सगळ्याला एकच पांढरा रंग. याला धंद्यात 'हाफ कट' म्हणतात, हे मला नंतर कळलं. एका गाडीचं तोंड जातं, दुसरीची पाठ जाते. उरलेले दोन चांगले तुकडे जोडतात आणि कागद एकीचे लावतात.

आम्ही कमलेशभाईंकडे गेलो. ते जराही डगमगले नाहीत.

"साहेब, दोनों में कोई मरा नहीं है. दोनों पार्टी जिंदा छे. एकाने तर माझ्याकडूनच बीजी गाडी घेतली."

"अहो, पण मागचं पुढे ऐकू येत नाही!"

"ए तो सारू छे ने? मोटी गाड़ी में लोग इसका अलग से पैसा देते हैं."

गाडी परत घ्यायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कुणाला न सांगता विकायला पाटील तयार नव्हते, आणि सांगून ती कुणी घेतली नसती.

आता मी शांत डोक्याने कामाला लागलो. भर दुपारी गाडी बिल्डिंगच्या आवारात उभी केली. माधुरीला मागे बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. इंजिन बंद, सगळ्या काचा खाली. मी पुढे. ओठ दिसत होते, आवाज शून्य. डोकं खिडकीबाहेर काढलं की अग्रलेख स्पष्ट ऐकू यायचा, आत घेतलं की गायब. उलटही तसंच, माझं मागे पोहोचत नव्हतं. टाळी पोहोचायची, खोकला पोहोचायचा, मोबाइलची रिंग पोहोचायची. फक्त बोललेला शब्द नाही. शेजारची माणसं गॅलरीत जमून मला डोकं आत-बाहेर करताना बघत होती. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना आणून बसवलं. त्यांनी ध्वनिलहरींवर पुष्कळ सांगितलं. ते मागे बसले होते, त्यामुळे काय सांगितलं ते मला माहीत नाही.

उपाय वहिनींनीच काढला. जाताना त्या पुढे बसू लागल्या, पट्ट्याखाली उशी धरून. येताना आडवं व्हावंच लागे, तेव्हा त्या मागून पाटलांना फोन लावायच्या. फोनवर सगळं नीट ऐकू यायचं. एकाच गाडीतले नवरा-बायको हातभर अंतरावरून मोबाइलवर बोलत सिल्वासाला यायचे. "लग्नाआधी नाही बोललो एवढं फोनवर," वहिनी म्हणायच्या. "आता बिल भरा म्हणा."

दिवाळी झाली. शाळा सुरू व्हायच्या आधी मला वापीहून नवा चष्मा आणायचा होता, म्हणून एका दुपारी मी त्यांच्यासोबत गेलो. येताना मी पुढे बसलो, वहिनी मागे आडव्या. दादरा मागे पडल्यावर पाटलांनी आरशात पाहिलं.

"बोलू राहिली."

मी वळून पाहिलं. वहिनी छताकडे बघत बोलत होत्या. सावकाश, मधेमधे थांबून. फोन हातात होता.

"पायलशी बोलत असंल," पाटील म्हणाले. "या वेळेला तिचा फोन येतो."

मलाही तसंच वाटलं. वहिनींना पाठीमागे फोनवर बोलताना पाहायची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्यात काही वेगळं दिसलंच नाही. पिपरियाजवळ वाहनांची रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो, मी चष्म्याच्या काचा पुसल्या. पाटलांनी मध्ये एकदा पाहिलं तेव्हा त्या अजून बोलत होत्या. नंतर पाहिलं तेव्हा डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल.

बिल्डिंगखाली पाटलांनी मागचं दार उघडलं, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

फोनवर त्या दुपारी एकही कॉल नव्हता. आलेला नाही, लावलेला नाही.

दिवसकार्य झालं. पायल जळगावहून आली, राहिली, गेली. जाताना तिने विचारलं, "पप्पा, मम्मी काय बोलत होती?" त्यानंतर ती दर फोनला तेच विचारायची. आणि पाटलांच्या डोक्यात एकच घुमत राहिलं, ती म्हणत असेल, थांबवा. ती म्हणत असेल, दवाखान्यात परत फिरवा. आणि आपण रांगेत उभे होतो. मी त्यांना अनेक प्रकारे समजावलं, की डॉक्टरांच्या मते हृदय अचानक बंद पडलं, करण्यासारखं काही नव्हतं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे सर. पण बोलत तर होती ना."

मग एके दिवशी ते वर आले. दवाखान्याचे राहिलेले रिपोर्ट आणायला वापीला गेले होते. खुर्चीत बसले.

"सर, मंगल बोलली."

मी माधुरीकडे पाहिलं.

"येताना. मागून. म्हणे, गाडी तर भारी आहे, पण सीटला केवढा रंगाचा वास. पहिल्या दिवशी... पहिल्या दिवशी बोलली असंल ती हे सर. तेव्हा वास यायचा."

मी दुःखावर चार वाक्यं सांगितली. ही पहिल्यांपेक्षाही चांगली होती.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला पाटील मला सोबत घेऊन गेले. वापीला पोहोचलो, दवाखान्याच्या फाटकाशी गाडी वळवली आणि परत निघालो. मागची सीट रिकामी. दादरा यायच्या आत माझ्या मानेमागे, अगदी साध्या बोलण्याच्या आवाजात, मंगलवहिनी म्हणाल्या, "अहो, मागं ऊन येऊ राहिलं. काचेला काही लावा ना." थोडं थांबून, "ऐकू राहिले का?" आणि पुष्कळ वेळाने, सिल्वासाच्या जवळ, "रागावले का माझ्यावर?"

मी मागे वळून पाहिलं. सीटवर एक टॉवेल होता.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. भीती वाटायला समोर काहीतरी यावं लागतं. इथे नुसतं उशिरा आलेलं बोलणं होतं. त्या वेळी जे पुढे पोहोचलं नाही, ते आत्ता पोहोचत होतं. आणि ओळीने. दर वेळी वापीहून परत येताना जुन्या परतीच्या एका फेरीचं बोलणं, मग पुढच्या वेळी पुढच्या फेरीचं. जातानाचं नाही. ते का नाही, मला माहीत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर त्यात इंजिन आणि पाटलांचे हुंदके आले.

पाटील प्रत्येक सुट्टीला, कधी कामाच्या दिवशी शिफ्ट बदलून, विनाकारण वापीला जाऊ लागले. नुसतं जाऊन यायचं. गणपतीतल्या मोदकांबद्दल वहिनी बोलल्या. "थांबवा हो, मळमळतं आहे," असं एकदा पुन्हा पुन्हा म्हणाल्या. त्या दिवशी पाटलांनी गाडी खरोखर थांबवली, खाली उतरून मागचं दार उघडलं, आणि तसेच उभे राहिले. फोन सुरू झाल्यानंतरच्या फेऱ्यांत बोलणं कमी झालं, स्वतःशी पुटपुटल्यासारखं. नवरात्रात रस्त्यावरचा मांडव बघून त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी गरबा बघायला यायचं. मग दिवाळीच्या चकल्या आल्या.

म्हणजे शेवटची फेरी जवळ आली होती.

आणि तेव्हाच गाडी सुटायला लागली. आधी मागचं डावं दार नीट लागेना. मग टायर आतल्या बाजूने झिजले. नरोलीच्या एका गॅरेजवाल्याने खालून पाहून सांगितलं, जोड उघडतो आहे, पुन्हा वेल्डिंग केल्याशिवाय चालवू नका, एखाद्या खड्ड्यात दोन तुकडे होतील.

मी पुन्हा पाटलांना समोर बसवलं. या वेळी माझे सगळे मुद्दे बरोबर होते. "पाटील, पायलला आता आई-बाप म्हणून तुम्हीच उरलात. आधी जोड मारून घ्या, मग जा."

"आणि वेल्डिंग केल्यावर आवाजच आला नाही तर?"

"तसं कशावरून?"

"मंग येईल कशावरून?"

तुटक्या गाडीने जायचं तर जीव जाण्याचा धोका, दुरुस्त करून जायचं तर ते शब्द जाण्याचा. पाटील म्हणाले, "पोरगी रोज विचारते सर. तिला काय सांगू, गाडी गॅरेजला होती?"

ते निघाले तेव्हा मी सोबत गेलो. का गेलो, विचारू नका. माधुरीनेही विचारलं होतं.

येताना पाटील गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. मागून प्रत्येक खळग्याला लोखंड कण्हत होतं. मागचे लोक हॉर्न मारून पुढे जाताना आम्हाला बघत होते. बराच वेळ काहीच आलं नाही. पाटलांनी आरसा सरळ केला, त्यात काही दिसणार नव्हतं तरी. मग, दादरा मागे पडता पडता, मागून वहिनींचा आवाज आला. थकलेला, पण त्यांचाच.

"सर, नवा चष्मा भारी दिसू राहिला. आता तरी तुम्हाला भूत दिसंल."

मला उद्देशून होतं ते. त्या दिवशी मी पुढे बसलो होतो, त्यांनी मागून थट्टा केली होती, आणि मी वळलोही नव्हतो. आत्ता मी वळलो. "दिसतं का बघतो, वहिनी," असं काहीतरी म्हणालो बहुतेक. पाटलांनी माझा हात घट्ट धरला. हीच ती फेरी होती. यानंतरच त्या छताकडे बघत बोलायला लागल्या होत्या.

"अहो," मागून आवाज आला. "ऐका ना. मला—"

समोर गतिरोधक होता. नवा, पांढरे पट्टेही न मारलेला. पाटलांचं लक्ष मागे होतं. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, आणि खालून झाडाची फांदी मोडावी तसा आवाज झाला. गाडीचं पोट रस्त्याला टेकलं. दोन्ही मागची दारं आपोआप उघडली.

आम्हाला काही लागलं नाही. पाटलांनी इंजिन बंद केलं. आम्ही दोघंही ऐकत होतो. मागे नुसती रहदारी होती.

गाडी ओढून नरोलीला नेली. गॅरेजवाल्याने तळाला जाड पट्ट्या टाकून जोड मारला, आणि आधीच्यापेक्षा मजबूत झाला असं सांगितलं. त्यानंतर पाटील वापीला जाऊन आले. परत गेले, परत आले. उन्हाळा संपला, पावसाळा आला, तरी जात राहिले. मीही काही वेळा गेलो. मागून काही आलं नाही. पायलला त्यांनी सांगितलं की मम्मी तुझंच नाव घेत होती. तिने त्यावर विश्वास ठेवला की नाही, कळत नाही. पण तिने विचारणं बंद केलं.

यामागे काय होतं, मला माहीत नाही. मी पुष्कळ वाचलं, विचारलं. ज्यांना विचारलं त्यांतल्या निम्म्यांनी लिंबू-मिरचीचा उपाय सांगितला आणि निम्म्यांनी डोक्याच्या डॉक्टरचा. दुरुस्त केलेली टोटल लॉस गाडी घ्यावी का, असं मला अजूनही लोक विचारतात. मी तेच जुने धोके सांगतो. हा सांगत नाही. हा कुठल्या सदरात घालायचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

गाडी अजून चालते. पाटील तिने राखोलीला कामावर जातात आणि खात्यातल्या तिघांना मागे बसवून नेतात. आता मागे बोललेलं पुढे अगदी स्वच्छ ऐकू येतं. कॅन्टीनच्या डाळीत पाणी फार असतं, असं त्या तिघांचं म्हणणं आहे.